मशीन ग्राहकाच्या हातात देण्याआधी: जीपीएल सॉफ्टवेअर पुढे वाटताना पाय कुठे घसरतो

"सर, मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की या मशीनमधल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मागितल्यास मिळेल. मला तो हवा आहे. व्हर्जन १.४."

एवढीच मेल. लिहिणारा सांगलीकडच्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आम्ही तेव्हा पुण्यात दूध संकलन केंद्रांसाठी एक छोटा डबा बनवत होतो. वजनकाट्याचे आणि फॅट मशीनचे आकडे वाचायचे, दर लावायचा, पावती छापायची. आत लिनक्स. शेवटच्या पानावरचा तो मजकूर मीच कुठल्याशा राउटरच्या मॅन्युअलमधून उचलून डकवला होता.

व्हर्जन १.४ चा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड, आमच्याकडे नव्हता. कोड ढीगभर होता, पण १.४ नेमकं कशापासून बनलं हे ज्याला ठाऊक होतं तो नोकरी सोडून बंगळुरूला गेला होता. जुळवाजुळव करण्यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत जे उमगलं ते या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी लिहितोय. मी वकील नाही, आणि नोटीस हातात पडली की वकिलाकडेच जावं. पण नोटीस येण्याआधीचं जवळपास सगळं काम इंजिनिअरचं असतं आणि ते बिल्डच्या दिवशीच, म्हणजे सोर्सपासून चालतं सॉफ्टवेअर बनतं त्याच दिवशी, उरकावं लागतं.

आधी दोन शब्द कॉपीलेफ्टबद्दल. कोड लिहिणारा म्हणतो: घ्या, वापरा, बदला, हवं तर विका, पण पुढे द्याल तेव्हा तुम्हाला मिळालेले हक्क समोरच्यालाही द्या, आणि सोर्ससकट द्या. यातलं सगळ्यात माहितीचं लायसन्स म्हणजे जीपीएल, जनरल पब्लिक लायसन्स. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. पैसे घेऊन विकायला कुठेच मनाई नाही, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. खरी गोम अशी की दुसऱ्याच्या कोडची प्रत काढून वाटण्याची परवानगी तुम्हाला फक्त या लायसन्समुळे मिळते. अटी मोडल्या की परवानगी संपली, आणि मग उरतो तो साधा कॉपीराइटभंग. अमेरिकेत २००८ साली खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून झालेल्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात अपील न्यायालयाने हेच धरलं: फुकट दिलेल्या कोडच्या अटीसुद्धा कॉपीराइट कायद्याने पाळाव्याच लागतात.

पायरी १: आपण वाटतोय की नुसतं वापरतोय?

ऑफिसातल्या सर्व्हरवर जीपीएल कोड हवा तसा बदलून वापरा, कुणाला काही द्यावं लागत नाही. प्रत दुसऱ्याच्या हातात गेली की जबाबदारी सुरू होते. 'हातात जाणं' मात्र लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच लांबपर्यंत पोचतं. डब्यातलं फर्मवेअर (यंत्रात आधीच बसवलेलं सॉफ्टवेअर) तर आलंच. त्याशिवाय ओटीए (नेटवरून पोचणारं) अपडेट, प्ले स्टोअरवरचं अॅप, क्लायंटला दिलेला डॉकर इमेज (अॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा), व्हर्च्युअल मशीन, ब्राउझरमध्ये उतरणारी जावास्क्रिप्ट, हे सगळं वाटणंच आहे. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये "आम्ही प्रॉडक्ट कुठे विकतो, आम्ही तर क्लायंटचं काम करून देतो" असं सर्रास ऐकू येतं. क्लायंटला डिलिव्हरी दिलीत म्हणजे वाटलंतच.

सर्व्हरवर बसून नुसती सेवा देत असाल तर जीपीएल तुम्हाला शिवत नाही, पण तिचंच कडक भावंड एजीपीएल शिवतं. बदललेला एजीपीएल कोड नेटवर्कवरून लोक वापरत असतील तर त्यांना सोर्स द्यावा लागतो. भारतात या सापळ्यात सापडायची नेहमीची वाट म्हणजे बिलाची पीडीएफ. जीएसटीचं इन्व्हॉइस बनवायला कुणीतरी आयटेक्स्ट ही पीडीएफ बनवणारी लायब्ररी जोडतं. जुन्या ब्लॉगवर ती लायब्ररी एलजीपीएल (जीपीएलचं सौम्य रूप) असल्याचं लिहिलेलं असतं आणि तेव्हा ती होतीही. पाचव्या आवृत्तीपासून मात्र तिथे दोनच दारं आहेत: एजीपीएल, नाहीतर विकतचं लायसन्स.

पायरी २: आत काय काय आहे त्याची यादी

स्वतःच्या डब्यावर सिरियल केबल लावा, लॉगिन करा आणि 'बिझीबॉक्स' टाइप करून एंटर मारा. आमच्याकडे पहिल्याच ओळीत व्हर्जन आणि बिल्डची तारीख आली. एलएस, कॅट, माउंट, शेल या लिनक्सच्या रोजच्या कमांड, सगळ्या एकाच बायनरीत (चालवायच्या तयार फाइलीत). ही एक फाइल जीपीएल आवृत्ती २ खाली येते, आणि अमेरिकेतला जीपीएलचा पहिला खटला २००७ साली हिच्यावरूनच मॉन्सून मल्टिमीडिया या कंपनीवर झाला. डॉकरवाल्यांनीही हसू नये. अल्पाइन या छोट्या लिनक्सचा इमेज उचललात की बिझीबॉक्स आत आलाच.

त्याखाली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जीपीएल आवृत्ती २. बूट करणारं यू-बूट, तेही जीपीएल. सी लायब्ररी ग्लिबसी असेल तर एलजीपीएल, मसल असेल तर एमआयटी हे सैल लायसन्स. बॅश हा कमांड घेणारा शेल ४.० पासून पुढचा असेल तर जीपीएल आवृत्ती ३. त्या तिसऱ्या आवृत्तीला अॅपल इतकी बिचकून आहे की मॅकवर बॅश वर्षानुवर्षं ३.२ वरच थांबला आणि २०१९ मध्ये डिफॉल्ट शेलच बदलला. आमच्या बोर्डवर बॅश व्हेंडरने घातला होता, आम्हाला त्याची गरजही नव्हती. काढून टाकला.

यादी हाताने बनवत बसू नका. डब्यासाठी लिनक्स बांधायला बिल्डरूट हे टूल वापरत असाल तर 'मेक लीगल-इन्फो' ही कमांड सगळी पॅकेजं, त्यांची लायसन्सं आणि सोर्सच्या टारफाइली एका फोल्डरात काढून देते. योक्टो हे तसंच दुसरं टूल प्रत्येक इमेजसोबत लायसन्सचा मॅनिफेस्ट (यादी) बनवतं, आणि त्यातला आर्कायव्हर क्लास चालू केला की सोर्सही साठवतं. डेबियन लिनक्सवर प्रत्येक पॅकेजच्या डॉक फोल्डरात कॉपीराइट नावाची फाइल असते. स्वतःचा रेपो (कोडचा साठा) तपासायला स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजी ही टूलं आहेत. पॅकेजच्या वरवरच्या माहितीत 'एमआयटी' लिहिलंय म्हणून निवांत होऊ नका, फाइलींच्या डोक्यावरच्या ओळी वाचा. आणि ज्या कोडला लायसन्सच नाही तो गिटहबवर उघडा पडलाय म्हणून 'फुकट' होत नाही. त्याचे सगळे हक्क लेखकाकडे असतात.

व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगची वेगळी गंमत आहे. मुळात ते एलजीपीएल, पण कॉन्फिगर करताना 'एनेबल-जीपीएल' दिलंत की अख्खी बायनरी जीपीएल होते, आणि 'एनेबल-नॉनफ्री' दिलंत की ती वाटताच येत नाही. म्हणून यादीत नुसतं 'एफएफएमपेग' लिहून भागत नाही, बिल्डचे फ्लॅग्जही लिहा.

फॉन्ट विसरू नका. आमच्या पावतीवरचा देवनागरी फॉन्ट होता 'मुक्त' नावाचा, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, ओपन फॉन्ट लायसन्सखालचा. तेही एक प्रकारचं कॉपीलेफ्टच. मशीनसोबत बिनधास्त द्या, कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा, नुसता फॉन्ट वेगळा विकू नका. फॉन्ट बदललात तर बदललेलाही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो, आणि मूळ लेखकांनी नाव राखून ठेवलं असेल तर तुमच्या फॉन्टला दुसरं नाव शोधा.

पायरी ३: लायसन्सांची जात ओळखा

एमआयटी, बीएसडी, अपाची: सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत द्या, झालं. एलजीपीएल आणि एमपीएल: त्या लायब्ररीपुरता किंवा त्या फाइलींपुरता सोर्स. जीपीएल: तिच्यावर बेतलेलं सगळं काम. यात मोठा घोळ आवृत्त्यांचा होतो. 'फक्त २' आणि 'फक्त ३' हे कोड एका बायनरीत नांदत नाहीत. अपाची २ चा कोड जीपीएल ३ मध्ये चालतो, 'फक्त २' मध्ये चालत नाही. म्हणून तुमच्या एक्सेलमध्ये 'जीपीएल' एवढाच शब्द असेल तर तो रकाना रिकामा समजा.

पायरी ४: आपला कोड कुठे चिकटतो ते पाहा

साहेबांचा पहिला प्रश्न हाच होता: "म्हणजे आपला दराचा हिशोब करणारा कोड त्या पोराला द्यायचा?" नव्हता द्यायचा. आमचं दराचं अॅप वेगळी प्रोसेस म्हणून चालत होतं आणि कर्नलशी नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून बोलत होतं. असे प्रोग्रॅम कर्नलवर बेतलेलं काम धरले जात नाहीत, हे लिनक्सच्या लायसन्सच्या फाइलीतच वर लिहून ठेवलंय. एकाच डिस्कवर शेजारी बसलेल्या दोन प्रोग्रॅमना जीपीएल एक मानत नाही.

तेच अॅप आम्ही एखाद्या जीपीएल लायब्ररीशी लिंक केलं (जोडलं) असतं तर उत्तर बदललं असतं. डायनॅमिक लिंक केलं, म्हणजे चालतानाच जोडलं, की सुटलो, असं कॅन्टीनमध्ये ऐकायला मिळतं. लायसन्सच्या मजकुरात असं काही नाही, आणि ते लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत नेमकं उलट आहे. एलजीपीएल लायब्ररी स्टॅटिक लिंक केलीत, म्हणजे बिल्डच्या वेळीच आत मिसळलीत, तर निदान तुमच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल केलेले, अजून न जोडलेले तुकडे) तरी द्या, म्हणजे ग्राहकाला ती लायब्ररी बदलून पुन्हा जोडता येईल. कर्नल मॉड्यूलचा (कर्नलला जोडणाऱ्या ड्रायव्हरसारख्या तुकड्याचा) सोर्स न देण्याचा विचार असेल तर हा लेख बंद करून वकिलाची वेळ घ्या.

साहेबांना आणखी एक गोष्ट सांगावी लागली. जीपीएल मोडलं म्हणून कोर्ट उठून तुमचा कोड जगजाहीर करत नाही. कोर्ट विक्री थांबवतं, भरपाई लावतं. कोड खुला करणं हा सुटकेचा एक मार्ग आहे. दुसरा म्हणजे तो जीपीएल भाग काढून टाकणं, पण त्याने आधी विकलेल्या डब्यांचा हिशोब मिटत नाही.

पायरी ५: बायनरी ज्या दिवशी बाहेर पडेल त्याच दिवशी सोर्स बांधून ठेवा

सगळे इथेच पडतात. आम्हीही पडलो.

जीपीएल २ चं तिसरं कलम 'पूर्ण' सोर्स मागतं आणि पूर्ण म्हणजे काय तेही सांगतं: सगळे मॉड्यूल, इंटरफेसच्या फाइली, आणि बिल्ड व इन्स्टॉल चालवणाऱ्या स्क्रिप्ट. म्हणजे कर्नल डॉट ऑर्गची लिंक देऊन भागत नाही. तुमचे पॅच (केलेले बदल), कर्नलची कॉन्फिग फाइल, डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय काय आहे ते सांगणारी फाइल), मेकफाइली, इमेज बांधणारी शेल स्क्रिप्ट, सगळं आलं. त्या मुलाला मी पहिल्यांदा पाठवलेल्या झिपमध्ये कर्नल होता, कॉन्फिग नव्हती. दुसऱ्या दिवशी उत्तर: "सर, कॉन्फिगशिवाय कसं बिल्ड करू?" दुसऱ्या झिपमध्ये कॉन्फिग होती, पण ती १.५ ची. मग इथर्नेटचा ड्रायव्हरच लागेना.

आणखी खोलात गेल्यावर कळलं की बोर्डच्या व्हेंडरने दिलेल्या एसडीकेत (बोर्डसोबतच्या कोडच्या संचात) कर्नलचे पॅच वेगळे नव्हतेच. एक अख्खं झिप, गिटचा इतिहास नाही, दोन ड्रायव्हर नुसत्या ऑब्जेक्ट फाइलींच्या रूपात. "आम्हाला व्हेंडरने असंच दिलं" हे वाक्य कोर्टात उपयोगाचं नाही. वाटणारे तुम्ही, जबाबदार तुम्ही. मिळालेलं सोर्सचं आश्वासन तसंच पुढे ढकलायची सवलत जीपीएल २ मध्ये आहे, पण ती बिनव्यापारी वाटपापुरती. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचं हेच झालं. ब्रॉडकॉमची चिप, आत लिनक्स, आणि २००३ मध्ये सिस्कोने लिंकसिस विकत घेतली तेव्हा त्या डब्यासोबत सोर्सची थकबाकीही गळ्यात पडली. दबावाखाली सोर्स बाहेर आला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त लिनक्स उभं राहिलं. लिंकसिसच्या इतर मालावरून पुढे २००८ च्या डिसेंबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा ठोकला आणि २००९ च्या मे महिन्यात तडजोड झाली. तेव्हा बोर्ड विकत घेतानाच पर्चेस ऑर्डरमध्ये लिहा: जीपीएल भागांचा बिल्ड होणारा पूर्ण सोर्स मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. त्या ओळीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

आता आमच्याकडे रिलीजचा नियम असा आहे. टॅग मारला की सोर्सचं बंडल बनतं. ते बंडल, ज्या माणसाने कोडला हात लावलेला नाही त्याला, कोऱ्या लॅपटॉपवर, आतल्या रीडमीखेरीज काहीही न सांगता देतात. त्याच्याकडून इमेज बनली आणि डब्यावर बूट झाली तरच रिलीज बाहेर. पहिल्या वेळी ट्रेनीला दीड दिवस लागला, कारण टूलचेन (कंपायलर वगैरे) माझ्या होम फोल्डरात होती.

सोर्स पोचवायचे दोन रस्ते आहेत. एक, बायनरीसोबतच देणे. दुसरा, किमान तीन वर्षं चालणारं लेखी आश्वासन. बहुतेकजण दुसरा घेतात कारण आज काही करावं लागत नाही. माझा कौल पहिल्याला. कर्नलचा दाबलेला सोर्स शंभर-दीडशे एमबीच्या आसपासचा, एका स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये सगळं मावतं. सोबत दिलंत की त्या डब्यापुरती जबाबदारी त्याच दिवशी संपते. लेखी आश्वासन मात्र ग्राहकापुरतं नसतं, त्यावर कोणीही माणूस मागू शकतो. फर्मवेअर वेबसाइटवरून डाउनलोड होत असेल तर सोर्स त्याच जागी, त्याच्या शेजारी ठेवा, तेही सोबत दिल्यासारखंच धरलं जातं.

आश्वासनच द्यायचं असेल तर मजकूर असा काहीसा असावा:

"या उपकरणात जीएनयू जीपीएल आवृत्ती २ खालील सॉफ्टवेअर आहे. हे उपकरण आम्ही शेवटचं विकल्यापासून तीन वर्षांपर्यंत, फर्मवेअर आवृत्ती अमुकचा संपूर्ण सोर्स कोड मागणाऱ्या कोणालाही पेन ड्राइव्ह आणि टपालाच्या खर्चात पाठवला जाईल. मागणीसाठी पत्ता व ईमेल: अमुक."

जीपीएल ३ चा कोड असेल तर तीन वर्षं किंवा तुम्ही सुटे भाग वा सपोर्ट देत राहाल तोवर, यातलं जे लांब ते. शिवाय घरगुती वापराच्या वस्तूंत, म्हणजे राउटर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स वगैरेंत, बदललेलं सॉफ्टवेअर त्याच डब्यावर चढवता येईल अशी माहिती, गरज असेल तर सहीच्या डिजिटल किल्लीसकट, द्यावी लागते. दूध केंद्राचा डबा त्यात बसत नाही. सिक्युअर बूट लावलेला, म्हणजे फक्त कंपनीची डिजिटल सही असलेलं सॉफ्टवेअर चालवणारा, घरचा कॅमेरा बसतो.

पायरी ६: कागद

लायसन्सचा पूर्ण मजकूर सोबत. बदललेल्या फाइलींवर 'बदल केला' आणि तारीख. मग तुमचं स्वतःचं ग्राहक करारपत्र काढा आणि त्यात "या सॉफ्टवेअरची प्रत काढता येणार नाही, रिव्हर्स इंजिनिअरिंग करता येणार नाही" अशी ओळ सगळ्या सॉफ्टवेअरला लावलीय का पाहा. जीपीएल २ चं सहावं कलम वरून जादा बंधन घालू देत नाही. "ओपन सोर्स भागांना त्यांची त्यांची लायसन्सं लागू" अशी एक ओळ वकिलाकडून घालून घ्या. हेच भांडण अॅप स्टोअरवर झालं होतं. अॅपलच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत अशी तक्रार व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्याच एका डेव्हलपरने केली आणि जानेवारी २०११ मध्ये आयफोनवरचा व्हीएलसी उडाला. तो २०१३ मध्ये परत आला, लायसन्स बदलून. त्यासाठी जुन्या योगदानकर्त्यांना शोधून त्यांची परवानगी मिळवावी लागली होती.

पायरी ७: पत्र आलंच तर

जीपीएल २ मध्ये अट मोडली की हक्क आपोआप संपतात. जीपीएल ३ जरा मायाळू आहे: पहिल्यांदाच चुकलात आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारलंत तर हक्क कायमचे परत. कर्नलच्या बऱ्याच डेव्हलपरांनी २०१७ मध्ये हीच सवलत आपापल्या कोडला जाहीर केली. म्हणून तारीख लिहून ठेवा, त्याच दिवशी पोच द्या, आणि "आमच्यात लिनक्स नाहीच" असं रागाच्या भरात लिहू नका. समोरच्याने बहुतेक वेळा फर्मवेअर उघडून पाहूनच पत्र लिहिलेलं असतं.

न बोलणाऱ्याचं काय होतं ते अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस डिजिटलच्या टीव्हींवरून कळतं. पुन्हा तोच बिझीबॉक्स. कंपनीने खटल्याकडे पाठ फिरवली आणि २०१० मध्ये न्यायालयाने विक्री बंद केली, ९०,००० डॉलर भरपाई, वर वकिलांची फी, आणि उरलेले टीव्हीही द्यायला लावले. जर्मनीत २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने लिनक्सचे डेव्हलपर हॅराल्ड वेल्टे यांच्या अर्जावर साइटकॉमच्या राउटरवर मनाई हुकूम कायम केला. बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर विकणारी चेसबेस कंपनी विरुद्ध जीपीएलखालचं बुद्धिबळ इंजिन स्टॉकफिश हा वाद २०२२ मध्ये मिटला तो या अटीवर की चेसबेस वर्षभर स्टॉकफिशचा कोड वाटणार नाही आणि लायसन्सं सांभाळायला एक माणूस नेमेल.

हे सगळं परदेशातलं म्हणून पाय पसरू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम ही 'साहित्यकृती' आहे आणि परदेशी लेखकांनाही इथे संरक्षण मिळतं. कलम ५५ खाली मनाई हुकूम, भरपाई, नफ्याचा हिशोब. कलम ६२ खाली लेखक स्वतःच्या गावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, तुमच्या गावी यायची गरज नाही. आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३: ६ महिने ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितलं. पत्र मिळूनही डबे तसेच जात राहिले तर 'जाणूनबुजून' हा शब्द टाळणं वकिलालाही जड जातं.

त्या मुलाला तिसऱ्या झिपमध्ये हवं ते मिळालं. त्याला फक्त पावतीवरची अक्षरं मोठी करायची होती. रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना फॅटचा आकडा वाचता येत नव्हता, आणि छापण्याचा तो भाग आमच्या अॅपमध्ये नसून आम्ही बदललेल्या एका जीपीएल प्रोग्रॅममध्ये होता.

आणखी एक बारीकशी गोष्ट. मॅन्युअलमध्ये छापलेला ईमेल पत्ता कुणीतरी उघडून पाहतंय ना, ते तपासा. आमचा पत्ता बंगळुरूला गेलेल्या त्याच माणसाच्या नावावर जोडलेला होता, आणि मुलाची मेल तिथे अकरा दिवस न वाचता पडून होती.